रामचंद्रदेव यादवाचे कुल व त्याची साधने

(१) विषयोपन्यास

देवगिरीच्या यादवांच्या राजकीय इतिहासाची चौकट आता बरीच सुस्थिर झाली आहे. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी हेमाद्रीच्या व्रतखंडातील राजप्रशस्ती अभ्यासकांपुढे आणून वंशावळीचा पाया घातला. फ्लीट यांनी पैठणचा ताम्रपट वाचला. म. म. वा. वि. मिराशी यांनी पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटाचे संपादन केले. ह्या साधनांच्या बळावर कोणता राजा कोणाच्या मागून व कोणत्या सुमारास गादीवर बसला, हे आज शाळेतील विद्यार्थीही सांगू शकतो. परंतु राजा हा जसा राज्याचा धनी, तसाच तो कोणाचा पुत्र, कोणाचा पुतण्या, कोणाचा भ्राता व कोणाचा पिताही असतो. ह्या दुसऱ्या अंगाने यादव राजांचा विचार फार थोडा झाला आहे. महाराष्ट्रावर दीर्घकाळ राज्य करणारा ह्या घराण्याचा शेवटचा मोठा राजा, श्रीरामचंद्रदेव उर्फ रामदेवराव, ह्याच्या कुलाविषयी जी साधने उपलब्ध आहेत, ती एकत्र मांडून त्यांच्या विश्वासार्हतेची तुलना करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय आम्हांस जवळचा वाटण्यास स्थानिक कारणही आहे. आम्ही जेथे बसून हे लिहितो ती वडवणी बीडहून परळीस जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथून ईशान्येस, माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुरुषोत्तमपुरी आहे. तेथील पुरुषोत्तमाच्या दर्शनास अधिकमासात आमच्या भागातील माणसे लोटतात. आग्नेयेस अंबेजोगाई असून, सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर ह्याचे शिलालेख तेथे आहेत. म्हणजे यादवकुलाच्या वैभवकालाचा एक लेखसमूह आणि त्याच्या अस्तकालाचा एक ताम्रपट, ह्या दोहोंच्या मध्ये आमचे गाव वसले आहे. दोन्हींकडे पाहून आमच्या मनात जो विचार दृढ झाला तो असा: ज्या ताम्रपटांवर आपण संशोधक सर्वांत अधिक विसंबतो, ते राजाच्या कुटुंबाविषयी सर्वांत कमी बोलतात. कुटुंबातील ज्या व्यक्ती गादीपासून दूर सारल्या गेल्या, त्यांची नावे आपणांस बहुशः इतर साधनांतून मिळवावी लागतात. रामचंद्रदेवाच्या बाबतीत ही गोष्ट कशी घडली, ते क्रमाने पाहू.

(२) पुत्र की भ्राता

सिंघणाच्या दीर्घ कारकीर्दीत यादवांचे राज्य सर्वांत विस्तारले. त्याचा पुत्र जैतुगी पित्याच्या हयातीतच निवर्तला. त्यामुळे इ. स. १२४६-४७ च्या सुमारास सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण गादीवर आला. हाच महानुभाव ग्रंथांतील कान्हरदेव. येथवर वाद नाही. पौत्र असला तरी तो ज्येष्ठ शाखेचा पुरुष होता.

कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव हा भावाच्या अमदानीतच राज्यकारभारात वावरत होता. इ. स. १२६०-६१ च्या सुमारास कृष्ण मरण पावला तेव्हा त्याचा पुत्र रामचंद्र हयात होता, तरीही गादी महादेवाकडे गेली. रामचंद्राने पुढे चाळीस वर्षे राज्य केले हे लक्षात घेता, पित्याच्या मृत्युसमयी तो अल्पवयी असावा, हा तर्क सहज सुचतो. अल्पवयी राजपुत्राऐवजी कर्त्या चुलत्याने राज्य चालविणे, ह्यात त्या काळच्या सरदारांस वावगे वाटले नसेल. महादेवही नाकर्ता नव्हता. उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर ह्याचा त्याने समुद्रावर पाडाव केला व सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षा सोमेश्वराने वडवानल पत्करला, अशा अर्थाची उत्प्रेक्षा हेमाद्रीने ह्या प्रसंगावर केली आहे.

वादाचे मूळ ह्यापुढे आहे. महादेवाने पुतण्याच्या वतीने राज्य सांभाळले असे मानले, तर त्याच्या पश्चात ते रामचंद्राकडे परत जावयास हवे होते. ते स्वतःच्या अधिकाराने केले असे मानले, तर त्याचा पुत्र आमण हा वारस ठरतो. इ. स. १२७०-७१ च्या सुमारास महादेव निवर्तला तेव्हा हे दोन्ही पक्ष एकमेकांसमोर उभे ठाकले. प्रथम आमण गादीवर बसला.

आपल्या धर्मशास्त्रात ज्येष्ठ पुत्राचा अधिकार मानला आहे, परंतु राजकुलांतील व्यवहार नेहमीच त्याप्रमाणे चालला असे नाही. शेजारच्या काकतीयांचेच उदाहरण घ्यावे. गणपतिदेवाच्या मागून त्याची कन्या रुद्रमा सिंहासनावर बसली आणि तिच्या मागून तिच्या कन्येचा पुत्र प्रतापरुद्र राजा झाला. म्हणजे वरंगळास कन्येच्या शाखेने राज्य टिकविले, त्याच पिढीत देवगिरीस दोन चुलत भावांमध्ये तंटा लागला. नियम निश्चित नसला की किल्ला ज्याच्या हाती त्याचे राज्य, हा एकच नियम उरतो.

(३) आमणाचा पाडाव

आमणापासून रामचंद्राने राज्य कसे घेतले, ह्याविषयी रामचंद्राच्याच दोन ताम्रपटांत उल्लेख आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला ताम्रपट पैठणचा, शके ११९३ चा, म्हणजे राज्यारोहणानंतर लगेचचा. त्यात कृष्णपुत्र रामाने आमणापासून राज्य बलात्काराने हिरावून घेतले, एवढाच आशय आहे. दुसरा पुरुषोत्तमपुरीचा, शके १२३२ चा, म्हणजे राज्याच्या अखेरीचा. दोहोंमध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. ह्या दुसऱ्या लेखात युक्तीचा निर्देश येतो. नृत्यनाट्याच्या सोंगाने रामचंद्राच्या माणसांनी देवगिरीच्या दुर्गात प्रवेश मिळविला आणि गाफील आमणास धरले. आमणास नाचगाण्याची आवड होती, तिचा असा उपयोग करण्यात आला. हीच हकीकत महानुभाव वाङ्मयातही येते. तेथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी ताम्रपटात असणे शक्यच नव्हते. ती अशी, की आमणाचे डोळे काढण्यात आले.

येथे प्रशस्तिकाराची दृष्टी ध्यानात घेतली पाहिजे. राज्य नवे होते तेव्हा त्याने ‘बळ’ सांगितले, कारण कालपर्यंत आमणाच्या दरबारात बसणाऱ्या सरदारांस धाक बसणे इष्ट होते. राज्य जुने झाल्यावर ‘युक्ती’ सांगण्यास हरकत उरली नाही. तोवर आमणाचा पक्ष घेणारा कोणी राहिला नव्हता व ती कथा राजाच्या चातुर्याचे भूषण झाली होती. डोळ्यांची गोष्ट मात्र दोन्ही वेळा गाळली गेली. तेव्हा ताम्रपटाचे मौन हे घटना न घडल्याचे प्रमाण मानू नये, असे आमचे नम्र मत आहे. महानुभावांस ह्या प्रसंगात आमणाची बाजू घेण्याचे काही कारण दिसत नाही. म्हणून त्यांची साक्ष आम्ही अधिक वजनदार मानतो.

हेमाद्रीचे वर्तन ह्या संदर्भात लक्षणीय आहे. व्रतखंडाच्या प्रशस्तीचा नायक महादेव आहे. हेमाद्री त्याचा श्रीकरणाधिप होता. तोच हेमाद्री शके ११९४ च्या ठाण्याच्या ताम्रपटात रामचंद्राच्या सेवेत दिसतो. म्हणजे धन्याच्या पुत्राचा उच्छेद झाल्यावर वर्षभरातच तो उच्छेद करणाऱ्याच्या दरबारी अधिकारपदावर होता. ह्यावरून त्यास कृतघ्न म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. मातबर अधिकाऱ्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने कृष्णपुत्र हाच खरा वारस होता व महादेवाचे राज्य हे मधले राज्य होते, असाच ह्याचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक आहे. तसे नसते तर मूठभर नटवेषधारी माणसांनी किल्ला घेतल्यावर तो एवढ्या निर्वेधपणे हाती राहिला नसता.

(४) रामचंद्रदेवाचे पुत्र

पुढील चोवीस वर्षे देवगिरीस वैभवाची गेली. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या लेखात, शके ११९५ ते ११९९ ह्या काळातील देणग्यांत, रामचंद्रदेवाचे नाव आहे. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या समाप्तीत ह्याच यदुवंशीय राजाचा गौरवाने निर्देश आहे. महानुभाव कवी नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून राजाने प्रत्येक ओवीस सुवर्णनाणे देऊन ते काव्य आपल्या नावावर मागितले व कवीने ते नाकारले, अशी त्या पंथात परंपरा आहे. ह्या काळातील राजाच्या गृहस्थाश्रमाविषयी मात्र राजलेख जवळजवळ मुके आहेत. महानुभावांच्या स्मृतिस्थळात कामाइसा ह्या राणीचा उल्लेख येतो, म्हणून निदान एका राणीचे नाव आपणांस ठाऊक झाले आहे.

पुत्रांची नावे प्रथम ठळकपणे पुढे येतात ती परचक्राच्या निमित्ताने. इ. स. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी अकस्मात देवगिरीवर चालून आला. त्या वेळी यादवांचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेले होते. रामचंद्राने किल्ल्याचा आश्रय घेतला. फेरिस्ता सांगतो की, किल्ल्यावर धान्याच्या म्हणून घाईने नेलेल्या गोण्यांत मीठ निघाले. युवराज परत आला, पित्याचा निरोप डावलून त्याने लढाई दिली, ती जिंकत आली असता शत्रूच्या मागून येणाऱ्या तुकडीस दिल्लीची फौज समजून त्याच्या सैन्याने कच खाल्ली आणि डाव हरला. त्यानंतर फेरिस्त्याने दिलेली खंडणी सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण रत्ने, एक हजार मण रुपे व चार हजार रेशमी वस्त्रे अशी आहे. फेरिस्ता हा तीन शतकांनंतरचा लेखक, तेव्हा आकडे शब्दशः घेऊ नयेत. त्याशिवाय एलिचपूरचे उत्पन्न द्यावयाचे ठरले.

ह्या युवराजाचे नाव कोणी शंकरदेव, कोणी सिंघण देतात. फारशी ग्रंथांत ते ‘संखदेव’, ‘शंकलदेव’ अशा रूपांनी आढळते. हे दोन पुत्र की एकच, असा प्रश्न विचारला गेला आहे. आमचे मत एकाच व्यक्तीकडे झुकते. यादवकुलात भिल्लम, जैतुगी, सिंघण हीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरून येतात. तेव्हा रामचंद्राने आपल्या पणजोबाचे नाव पुत्रास ठेवले असल्यास ते कुलरीतीस धरूनच आहे. फारशी लिपीत ‘सिंघण’ हा शब्द नकलकारांच्या हातून ‘संखल’, ‘शंकल’ अशा रूपांस जाणे अवघड नाही, आणि त्या विकृत रूपावरून पुढे ‘शंकर’ हे परिचित नाव वाचले जाणेही शक्य आहे. हा केवळ तर्क आहे. एखादा समकालीन मराठी किंवा संस्कृत लेख हाती येईल तर त्याचा निकाल लागेल. तोवर आम्ही रूढीस अनुसरून शंकरदेव हेच नाव वापरतो. महिकावतीच्या बखरीत देवगिरीहून कोकणात उतरलेल्या बिंबदेवास रामदेवरावाचा पुत्र म्हटले आहे. परंतु ह्या बखरीत निरनिराळ्या काळांचे थर मिसळले असल्याने कालगणना फार घोटाळ्याची झाली आहे. केवळ तिच्यावरून वंशवृक्षात नाव घालणे धाडसाचे होईल.

पितापुत्रांचे धोरण एक नव्हते, हे मात्र निश्चित म्हणता येते. इसामीने नोंदविले आहे की, दिल्लीस खंडणी जाण्याचे थांबले तेव्हा रामचंद्राने गुप्तपणे निरोप पाठवून आपण एकनिष्ठ असल्याचे व पुत्राने आणि त्याच्या साथीदारांनी बंड केल्याचे कळविले. हे खरे असेल तर ज्याने तरुणपणी चुलत भावाचे राज्य घेतले, त्याच्या वार्धक्यात त्याच्याच घरात दुसरी फूट पडली होती. मलिक काफूरने इ. स. १३०७ च्या सुमारास देवगिरीवर स्वारी करून राजास दिल्लीस नेले. अल्लाउद्दीनाने त्यास सन्मानाने वागवून ‘रायरायान’ हा किताब व छत्र दिले आणि राज्यावर परत पाठविले. इ. स. १३११ च्या फेब्रुवारीत काफूर द्वारसमुद्रावर निघाला तेव्हा देवगिरीस त्याची सरबराई झाली व यादवांकडील परशुराम दळवी ह्याने पुढील वाटचालीस साह्य केले, हे अमीर खुस्रूच्या लेखनावरून कळते. त्यानंतर लवकरच रामचंद्राचा अंत झाला. शंकरदेवाने दिल्लीचे जू झुगारले आणि इ. स. १३१३ च्या सुमारास तो काफूरच्या हातून मारला गेला.

आता पुरुषोत्तमपुरीच्या ताम्रपटाकडे पुन्हा वळू. तो शके १२३२, साधारण संवत्सरातील, म्हणजे इ. स. १३१० चा आहे. राजा दिल्लीचा मांडलिक झाल्यास तोवर तीन वर्षे लोटली होती. तरीही त्यातील प्रशस्ती सार्वभौम राजाची आहे. त्यात वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवून तेथे शार्ङ्गधराचे मंदिर बांधल्याचे श्रेयही राजास दिले आहे. राजाचा मंत्री पुरुषोत्तम ह्याच्या नावाने ब्राह्मणांस दिलेल्या अग्रहाराचा हा लेख आहे. अग्रहाराच्या लेखात मांडलिकत्वाची कबुली यावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. पण जे साधन राजाचे दिल्लीस जाणे सांगत नाही, ते पुत्राशी झालेला बेबनाव अथवा कन्येचा विवाह सांगेल ही आशाही तितकीच व्यर्थ होय.

(५) कन्या व जामात

रामचंद्राच्या दोन कन्यांचा मागोवा घेता येतो, आणि दोन्ही ठिकाणी मार्गदर्शक फारशी लेखक आहेत.

पहिली कन्या अल्लाउद्दीनाच्या अंतःपुरात गेली. इसामीने तिचे नाव दिले आहे. ते फारशी अक्षरांतून झत्यपाली, झिताई अशा निरनिराळ्या प्रकारे वाचले जाते. इसामीचा फुतूह-उस्-सलातीन हा ग्रंथ इ. स. १३५० मध्ये दक्षिणेतच, बहमनी राज्याच्या संस्थापकाच्या आश्रयाने पूर्ण झाला. म्हणजे रामचंद्राच्या मृत्यूस चाळीस वर्षेही झाली नव्हती आणि देवगिरीची हकीकत सांगणारी वृद्ध माणसे हयात असणे शक्य होते. ह्यामुळे त्याची साक्ष आम्ही सहजासहजी टाकणार नाही. हीच कन्या पुढे हिंदी काव्यातील छिताई झाली. परंतु छिताईवार्ता ही नंतरची प्रेमकथा असल्याने तिच्यातील प्रसंग इतिहासात घेऊ नयेत.

झत्यपालीचा पुत्र शिहाबुद्दीन उमर. अल्लाउद्दीन इ. स. १३१६ च्या जानेवारीत मरण पावला, तेव्हा मलिक काफूरने ह्या पाच-सहा वर्षांच्या बालकास दिल्लीच्या तख्तावर बसविले. काफूर महिन्याभरातच मारला गेला. त्याच वर्षी सावत्र भाऊ मुबारक ह्याने बालकास पदच्युत केले, त्याचे डोळे काढले व त्यास ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकले. इसामीची मातृनिर्देशाची साक्ष खरी मानल्यास देवगिरीच्या रामदेवरावाचा दौहित्र काही महिने हिंदुस्थानचा सुलतान होता, असे म्हणावे लागते. इ. स. १२७१ मध्ये आमणाचे जे झाले, तेच पंचेचाळीस वर्षांनी ह्या दौहित्राचे झाले. ह्यास कोणी कर्मविपाक म्हणतील. आम्ही इतकेच म्हणू की, वारसाचा नियम जेथे पक्का नाही तेथे प्रतिस्पर्धी वारसाचे डोळे काढणे हा राजकारणाचा उपाय ठरतो, मग ते राज्य कोणत्याही धर्माचे असो.

दुसऱ्या कन्येचे नाव आम्हांस कोणत्याही साधनात आढळले नाही. तिचा पती हरपाळदेव होय. शंकरदेव पडल्यावर देवगिरीचे राज्य गेले. दिल्लीतील गोंधळाची संधी साधून ह्या जामाताने ते पुन्हा उभारले. इ. स. १३१८ च्या सुमारास मुबारकाने स्वतः दक्षिणेत येऊन त्यास पकडले व हालहाल करून ठार मारिले. यादवांचे राज्य वाचविण्याचा शेवटचा प्रयत्न पुत्रशाखेने केलेला नसून कन्येच्या घराने केला. असे असता जिच्या नात्याने हरपाळास हा अधिकार पोचत होता, तिचेच नाव आपल्या वंशवृक्षांत रिकाम्या चौकटीने दाखवावे लागते.

शंकरदेवासाठी गुजरातच्या कर्ण वाघेल्याची कन्या देवलदेवी हिचा विवाह ठरला होता व तिला देवगिरीस आणीत असता ती वाटेत पकडली गेली, ही कथा अमीर खुस्रूने आपल्या काव्यात सांगितली आहे. काही संशोधकांनी तिच्या सत्यतेविषयी संशय घेतला आहे. आम्ही ती येथे प्रमाण म्हणून घेत नाही. परंतु यादव व वाघेले ह्यांच्या सोयरिकीचा विचार त्या काळी संभवनीय मानला जात होता, एवढे तिच्यावरून दिसते.

स्त्रियांची नावे यादवकालीन लेखांत येतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. अंबेजोगाईस खोलेश्वराची कन्या लक्ष्मी हिने, गुजरातच्या स्वारीत नर्मदातीरी पडलेल्या आपल्या राम नावाच्या भावाच्या स्मरणार्थ मंदिर उभारले, हे तेथील लेखावरून इ. स. १२४० च्या सुमाराचे ठरते. सेनापतीची कन्या आपल्या नावाने शिलालेख कोरविते, आणि सम्राटाच्या कन्येचे नाव कोठे उरत नाही. ह्याचे कारण उघड आहे. लक्ष्मी स्वतः दात्री होती व दात्याचे नाव लेखात येणे क्रमप्राप्त असते. ज्या राजकन्येच्या नावे दान नोंदले गेले नाही, तिला राजलेखात जागा नव्हती.

(६) समकालीन फ्रान्सशी तुलना

ह्याच काळात युरोपात फ्रान्सचा राजा चौथा फिलिप (राज्यकाल १२८५ ते १३१४) हा रामचंद्रदेवाचा समकालीन होता. त्याच्या कुलाची गोष्ट आमच्या विषयावर प्रकाश टाकणारी आहे. फिलिपचे तीन पुत्र, दहावा लुई, पाचवा फिलिप व चौथा चार्लस, हे एकामागून एक राजे झाले. लुई इ. स. १३१६ मध्ये वारला, तेव्हा त्यास एक कन्या होती व राणी गरोदर होती. नोव्हेंबरात पुत्र जन्मला, त्यास पहिला जॉन म्हणून राजा मानले, पण तो पाचच दिवस जगला. तेव्हा लुईच्या कन्येस बाजूस सारून तिच्या चुलत्याने गादी घेतली आणि स्त्रीस फ्रान्सचे राज्य मिळत नाही असे पुढील वर्षी सभेकडून ठरवून घेतले. इ. स. १३२८ मध्ये तिसरा भाऊ पुत्रहीन वारल्यावर गादी चुलत घराण्याकडे गेली. फिलिपची कन्या इझाबेला ही इंग्लंडची राणी होती. तिच्या पुत्राने, तिसऱ्या एडवर्डने, मातेच्या नात्याने फ्रान्सवर हक्क सांगितला. इ. स. १३३७ मध्ये पेटलेले शंभर वर्षांचे युद्ध ह्या हक्काशी निगडित आहे.

साम्य सहज दिसते. तेथेही पुत्रशाखा खुंटली, चुलता पुतणीस मागे सारून राजा झाला व कन्येच्या पुत्राचा दावा पुढे आला. एकाच १३१६ साली दिल्लीस व पॅरिसास दोन बालराजे गादीवर आले आणि त्याच वर्षी दोघांचीही राज्ये संपली. भेद मात्र असा की, फ्रान्समध्ये कन्येचा हक्क नाकारण्यासाठी सभा भरवावी लागली, वाद लिहून ठेवावे लागले, आणि म्हणून नाकारलेल्या कन्येचे नाव जेन आजही इतिहासास ठाऊक आहे. तेथील मठांत राजकुलाच्या बखरी लिहिल्या जात होत्या व सेंट डेनिसच्या मठात राजेराण्यांच्या समाध्या एकत्र होत्या. देवगिरीस तंट्याचा निकाल एका रात्रीत किल्ल्यावर लागला. त्याचे कागद झाले नाहीत, आणि जे झाले असतील ते राज्याबरोबर गेले.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून रामचंद्रदेवाचे कुल असे मांडता येते. पिता कृष्ण, चुलता महादेव, चुलत भाऊ आमण ही नावे संस्कृत राजलेख व प्रशस्ती ह्यांनी सिद्ध आहेत. राणी कामाइसा ही महानुभाव ग्रंथावरून ज्ञात आहे. पुत्र शंकरदेव व जामात हरपाळदेव हे फारशी इतिहासांवरून सिद्ध आहेत. कन्या झत्यपाली व दौहित्र शिहाबुद्दीन ह्यांस इसामीच्या साक्षीने संभाव्य मानावे. बिंबदेव संशयित ठेवावा. हरपाळाच्या पत्नीचे नाव रिकामे सोडावे, तर्काने भरू नये. ही वर्गवारी करताना ताम्रपट पहिला, पोथी दुसरी व परकीय तवारीख तिसरी, असा जो सरसकट क्रम आपण लावतो तो कुलवृत्ताच्या कामी सोडला पाहिजे. प्रत्येक साधनास ज्या गोष्टी सांगण्याचे प्रयोजन होते त्यापुरताच त्याचा अधिकार मानावा.

ह्यातून संग्राहकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. महानुभावांच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या असत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केल्यावर हे भांडार अभ्यासकांस खुले झाले. मराठवाड्यात ह्या पंथाचे मठ व अनुयायी पुष्कळ आहेत. अशा घरांत जी सुटी, क्रम चुकलेली पाने असतात, ती वाचता येत नाहीत म्हणून दुर्लक्षिली जातात. वंशवृक्षातील एखादी रिकामी चौकट भरून निघाली तर अशाच एखाद्या पानावरून निघेल. म्हणून पोथी अपुरी असली तरी तिची नोंद करावी, शेवटची पुष्पिका व मालकाच्या नावाची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी, आणि पाने कोणत्या गावाहून आली ते लिहून ठेवावे. ताम्रपट सापडल्यास तो चिंचेने किंवा राखेने घासू नये. घासल्याने उथळ अक्षरे जातात. प्रथम छायाचित्र व ठसा घ्यावा, कडी व मुद्रा पत्र्यांपासून वेगळी करू नये, आणि सापडल्याची खबर पुरातत्त्व खात्यास द्यावी.

आम्ही आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविले. प्रशस्तीतील श्लेष व उत्प्रेक्षा समजावून देताना त्या कवीने काय गाळले ह्याचा विचार वर्गात कधी करावा लागला नाही. तो विचार आता आम्ही ह्या भागातील लेखांच्या वाचनात करीत आहो. पुरुषोत्तमपुरी, अंबेजोगाई व गोदातीरीची जुनी गावे येथे ज्यांच्याकडे अशी पाने अथवा पत्रे असतील, त्यांनी ती मूळ आपल्यापाशीच ठेवून केवळ प्रतिलिपी करू दिली तरी मोठे काम होईल. रामचंद्रदेवाच्या एका कन्येचे नाव अद्याप मिळावयाचे आहे.